लिहायचे आणि मानायचे

दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. २०१८ साली हे पुस्तक आले, तेव्हापासून उर्दू माध्यमाच्या वर्गात आम्ही हा पाठ शिकवत आलो आहोत. पाठ सुरू झाला की वर्गात चुळबूळ होते आणि मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, “सर, ये पेपर में लिखना है, मानना तो नहीं है ना?” सारा वर्ग हसतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. त्याने आपल्यापुरती वाटणी करून टाकलेली असते. वहीत डार्विन, मनात हजरत आदम. परीक्षा संपली की वही रद्दीत.

आम्हाला भय वाटते ते या वाटणीचे. एखादी गोष्ट न मानता लिहायची सवय पंधराव्या वर्षी लागली की ती त्या एका पाठापुरती राहत नाही. ज्ञान म्हणजे मार्क मिळवण्यासाठी लिहायची गोष्ट, हे मनात पक्के बसते. हाच मुलगा उद्या फार्मसीला जातो, हीच मुलगी नर्सिंगला जाते. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला की जंतू औषधाला का दाद देत नाहीत, हे समजून घ्यायचे तर तोच पाठ लागतो. तो तर कधीच रद्दीत गेलेला असतो. शिवाय मनातला ईमान त्याने असा जपलेला असतो की त्याला कशाचाही वारा लागू नये. वारा लागला तर तो टिकणार नाही, अशी भीतीच जणू त्यामागे असते.

या पाठाला विरोध फक्त आपल्याच समाजात होतो असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत आलेल्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर सांगितले होते. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून निषेध नोंदवला. तेव्हा ही अडचण सगळ्यांचीच आहे. आपण आपल्या घरापुरते बोलू.

आधी दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. एका सजीवापासून वेगवेगळे सजीव कसे झाले, हा एक प्रश्न. मुळात पहिला सजीव कसा झाला, हा दुसरा. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, दुसऱ्याला त्याने जवळपास हात लावला नाही. १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत तर शेवटच्या वाक्यात त्याने निर्मात्याचा उल्लेख घातला. पुढे १८६३ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, लोकमतापुढे नमून आपण तसे शब्द वापरले याचा त्याने पस्तावाही व्यक्त केला. १८७१ च्या दुसऱ्या एका पत्रात त्याने एका लहानशा उबदार तळ्याची कल्पना मांडली. त्यात योग्य क्षार, उष्णता आणि वीज मिळून जीवनाची सुरुवात झाली असेल का, असा तो अंदाज होता. त्यापलीकडे तो गेला नाही.

आमच्या ओळखीत या दुसऱ्या प्रश्नावर वाद घालणारे दोघे आहेत. एक आमच्याच शाळेत दीनियात शिकवणारे मौलानासाहेब. दुसरे आमचे एक स्नेही. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्या विचाराचे संस्कार यांच्यावर झालेले. मौलाना म्हणतात, “सायन्स इतना बडा है तो लॅब में एक मच्छर बना के दिखाओ.” स्नेही म्हणतात, “आज ना उद्या बनवतील. मग तुमच्या निर्मात्याची गरज काय उरली?” दोघांना समोरासमोर बसवले तर चहा थंड होईल, पण वाद मिटणार नाही. आम्ही मात्र पुष्कळदा ऐकल्यावर एवढे ओळखले आहे की मूळ मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे. जिथपर्यंत विज्ञान पोचले नाही तिथेच अल्लाहची जागा आहे, असे दोघेही धरून चालतात. ती जागा कायम राहील असे एकाला वाटते, ती संपेल असे दुसऱ्याला वाटते. वाद फक्त तारखेचा आहे.

हे गृहीतच इतिहासाला धरून नाही. निर्जीवातून जीव आपोआप होतो, ही समजूत ॲरिस्टॉटलच्याही काळापासून होती. चिखलातून किडे आणि सडलेल्या मांसातून अळ्या उपजतात, असे मोठमोठे विद्वान मानत. त्यात मुसलमान होते, ख्रिस्ती होते, आणि कुणाच्या ईमानाला त्याने तडा गेला नाही. बाराव्या शतकात अंदलूसमध्ये इब्न तुफैल नावाचे हकीम आणि तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचे निधन ११८५ साली झाले. त्यांच्या ‘हय्य इब्न यकजान’ या कथेत एका निर्जन बेटावर एक मूल वाढते. ते तिथे कसे आले, याच्या दोन हकिकती लेखकाने दिल्या आहेत. एकीत ते पेटीतून समुद्रात सोडलेले राजकन्येचे बाळ आहे. दुसरीत ते आईबापांवाचून, बेटावरच्या आंबलेल्या मातीतून जन्मते. पुढे एक हरिणी त्याला वाढवते. हरिणी मरते तेव्हा तिच्यातून काय निघून गेले याचा ते शोध घेऊ लागते, आणि पाहत पाहत, विचार करत करत अखेर निर्मात्यापर्यंत पोचते. ज्या कथेत मातीतून जीव आपोआप होतो, त्याच कथेत तो जीव स्वतःच्या अकलेने खुदाला ओळखतो. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमांना यात विरोध दिसला नव्हता.

मग हे उलटे कधी झाले? १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदी यांनी दाखवून दिले की भांड्याच्या तोंडाला जाळीदार कापड बांधले तर मांसात अळ्या पडत नाहीत. अळ्या माशांच्या अंड्यांतून येतात. १८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या काचपात्रात सत्त्वद्रव उकळला. हवा आत जाऊ शकत होती, धूळ वाकणातच अडकत होती. द्रव नासला नाही. मान मोडली की मात्र नासला. वर्गात आम्ही यखनी उकळून दोन बाटल्यांत भरतो. एक उघडी ठेवतो, दुसरीला कापसाचा बोळा लावतो. उघडी बाटली आधी वास मारू लागते आणि पाश्चर मुलांना कळतो. पाश्चर श्रद्धाळू ख्रिस्ती होते. त्यांच्या काळात निर्जीवातून जीव ही कल्पना नास्तिकांची मानली जाऊ लागली होती, म्हणून धार्मिक लोकांना या प्रयोगाने आनंद झाला. म्हणजे जी गोष्ट शतकानुशतके श्रद्धावंत बिनधास्त मानत होते, तीच आता श्रद्धेच्या विरुद्ध ठरली. यात बदलले ते लोक आणि त्यांचे पक्ष. निर्मात्याविषयीचा पुरावा कमी-जास्त झाला नव्हता.

विसाव्या शतकात चाक पुन्हा फिरले. १९२४ मध्ये रशियात ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये इंग्लंडात हॉल्डेन यांनी, प्राचीन पृथ्वीवर साध्या रसायनांपासून जीवनाची द्रव्ये तयार झाली असावीत, असे मांडले. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या स्टॅन्ले मिलर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या उपकरणात फिरवली आणि त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांतच प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले मिळाली. प्राचीन वातावरण नेमके तसेच होते का, याविषयी पुढे शास्त्रज्ञांनीच शंका काढल्या. पण अशी द्रव्ये निसर्गात घडतात हे आता वादाचे राहिलेले नाही. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती २०२३ साली अमेरिकेच्या यानाने पृथ्वीवर आणली. सजीव प्रथिनांत वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्या मातीत सापडली आणि डीएनए-आरएनएमधले पाचही बेस सापडले, असे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

मात्र विटा सापडणे म्हणजे घर सापडणे नव्हे. या द्रव्यांतून स्वतःची नक्कल करणारी पहिली पेशी कशी उभी राहिली, हे अजून कुणी दाखवलेले नाही. २०१० साली क्रेग व्हेंटर यांच्या चमूने प्रयोगशाळेत जोडलेला जनुकसंच जीवाणूत घालून चालवला, पण त्यासाठी पेशी आयती घ्यावी लागली. आज हे असे आहे. उद्या तेही जमेल की नाही, यावर आम्ही पैज लावणार नाही. मुलांच्या ईमानाची पैज तर मुळीच लावू देणार नाही.

मौलानांशी आमचे मतभेद इथेच होतात. “मच्छर बनवून दाखवा” असे आपण मुलांना शिकवले आणि उद्या कुणी पेशी बनवली, तर त्या मुलाने काय करायचे? इमाम गझाली नऊशे वर्षांपूर्वी हे सांगून गेले आहेत. ग्रहणाचे कारण गणिताने सिद्ध झालेले असताना धर्माच्या नावाने जो ते नाकारतो, तो धर्माचेच नुकसान करतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. तरी आपण पुरावे शोधत फिरतो. २००६ साली तुर्कस्तानातून हारून याह्या यांचा ‘ॲटलस ऑफ क्रिएशन’ हा गुळगुळीत कागदाचा, रंगीत चित्रांचा ग्रंथ निघाला. प्राणी कधी बदललेच नाहीत, हे त्यात छायाचित्रांनी सिद्ध केले होते. त्यातल्या एका किड्याच्या छायाचित्रात गळाचा आकडा दिसत होता. तो किडा नव्हता, मासे पकडण्यासाठी बनवलेले आमिष होते. अल्लाहच्या बाजूने अशी साक्ष देण्याची अल्लाहला गरज नाही.

एकदा एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. वेल्डिंगचे दुकान बंद करून आले होते. फार अदबीने म्हणाले, “सर, पाँच-दस मार्क गए तो गए. बच्ची का ईमान नहीं जाना चाहिए.” त्यांच्यावर हसणे सोपे होते, पण आम्हाला हसू आले नाही. मुलीच्या भल्यासाठी माणूस दिवसाची मजुरी बुडवून आला होता. आम्ही त्यांना सूरह बकरातला हजरत इब्राहिम (अ.स.) यांचा वाकया आठवून दिला. मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते मला दाखव, असे त्यांनी अल्लाहकडे मागितले. तुझा विश्वास नाही काय, असे विचारले गेले. विश्वास आहे, पण मनाचे समाधान हवे आहे, असे ते म्हणाले. त्यावर त्यांना रागावले गेले नाही. चार पक्षी घ्यायला सांगितले गेले. आम्ही म्हणालो, “भाई, खलीलुल्लाहने ‘कैसे’ पूछा, तो ईमान नहीं गया. आपकी बच्ची भी ‘कैसे’ ही पूछ रही है.” ते बराच वेळ गप्प बसले. उठताना म्हणाले, “पढाइए सर. लेकिन साथ में ये वाकया भी बताइए.” तेव्हापासून आम्ही दोन्ही सांगतो. सूरह अन्कबूतमध्ये तर जमिनीवर हिंडून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहायला सांगितले आहे, हेही सांगतो.

आमच्या स्नेह्यांनाही एक उत्तर देणे लागते. जीवनाची सुरुवात समजून घेताना रसायनशास्त्राला निर्माता गृहीत धरावा लागत नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. वर्गात शिकवताना आम्हालाही तो धरावा लागत नाही. पण उपकरणात मिथेन घाला की अमोनिया, ‘निर्माता नाही’ हा निष्कर्ष त्यातून गळून येत नाही. तो ज्याचा त्याने बाहेरून आणलेला असतो. कोणत्या द्रव्यातून कोणते द्रव्य झाले, हे विज्ञान सांगते. मुळात काही आहे ते का आहे, निसर्गाला नियम का आहेत, आणि मिळालेल्या आयुष्याचा हिशेब कुणाला द्यायचा, हे प्रश्न काचपात्रात मावत नाहीत. आम्ही नमाजला उभे राहतो ते मिलरचा प्रयोग अपुरा राहिला म्हणून नव्हे. तो उद्या पुरा झाला तरी आम्ही उभे राहू. आमच्या स्नेह्यांना तसे वाटत नसेल तर तो त्यांचा अधिकार आहे. आम्ही त्यांच्याशी वाद घालू आणि चहाही पिऊ.

आपल्या मुफ्तींची एक जुनी रीत आहे. फतवा लिहून झाला की शेवटी ‘वल्लाहु आलम’ असे लिहायचे. खरे काय ते अल्लाहच जाणे. एवढा अभ्यास करून, एवढी किताबे पाहूनही माझे ज्ञान अपुरे आहे, ही त्यातली कबुली. विज्ञानाच्या तासालाही आम्ही मुलांना हेच सांगतो. जे सिद्ध झाले आहे ते मनापासून माना, नुसते लिहू नका. जे सिद्ध झालेले नाही तिथे ‘अजून ठाऊक नाही’ असे लिहायला लाजू नका. पहिली पेशी कशी झाली, याचे आजचे खरे उत्तर हेच आहे. ते शोधायला आपल्याच वर्गातली एखादी मुलगी पुढे जावी, असे आम्हाला वाटते. त्यासाठी तिला ईमान घरी ठेवून प्रयोगशाळेत जावे लागू नये, आणि विज्ञान दाराबाहेर ठेवून घरात यावे लागू नये. एवढे शिक्षकांनी आणि आई-बापांनी मिळून पाहिले तरी पुष्कळ झाले.