भोरड्या

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या आजीचें एक वाक्य ठरलेलें असे : "भोरड्या उतरल्या, आतां माळ्यावर माणूस बसवा." हिप्परग्याच्या तलावापलीकडे आमचें कोरडवाहू शेत. मालदांडीचा दाणा हुरड्यांत आला कीं गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या पांखरांचे थवे ढगासारखे येत. आम्हीं मुलांनीं डबे वाजवावे, गड्यानें गोफण फिरवावी, असा तो दिवसभराचा उद्योग. भोरडी म्हणजे चोर, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें.

एका वर्षीं धाकट्या काकांनीं चिडून बांधावर जाळें लावविलें. संध्याकाळीं त्यांत तीसचाळीस पांखरें तडफडत होतीं. घरांत अठरा माणसें खाणारीं. दाणा वांचला पाहिजे, हें काकांचें म्हणणें खोटें नव्हतें. आजी शेतावर सहसा येत नसे, त्या दिवशीं आली आणि एवढेंच म्हणाली, "राखण करणें आपलें काम, पोट भरणें त्यांचें. हाकला, पण पारध करूं नका." काकांनीं मुकाट्यानें जाळें सोडलें. मला मात्र आजीचें बोलणें भाबडेपणाचें वाटलें.

पुढें मी पक्ष्यांविषयीं वाचूं लागलों. या विषयावर मराठींत विपुल लिहिणारे मारुती चितमपल्ली १९३२ सालीं सोलापुरांतच जन्मले, याचाही अभिमान त्यांत होताच. तेव्हां कळलें कीं भोरडीचें माहेर दूर उत्तरेस, मध्य आशियांत. वैशाख-ज्येष्ठांत कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत ती दगडांच्या सांदींत घरटें करते आणि पिलांना टोळ भरविते. चीनच्या शिनजियांग प्रांतांत कुरणें टोळांपासून वांचावीं म्हणून लोकांनीं तिच्यासाठीं मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिले. आमच्याकडे जी चोर, ती तेथें राखणदार! येथेंही फाल्गुनांत ती पळस-पांगाऱ्याचा मध पितां पितां पराग या फुलावरून त्या फुलावर नेते. पळसमैना हें तिचें दुसरें नांव. आजीला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. तिचा न्याय मात्र बरोबर होता.

आज आजी नाहीं. अठरांपैकीं घरांत तिघेंच उरलों आहोंत. उजनीचें धरण १९८० सालीं झालें, जिल्ह्यांत ऊस वाढला, ज्वारी मागें पडली. माझा मुलगा इंग्लंडांत असतो. गेल्या पौषांत त्याचा फोन आला, "बाबा, येथें संध्याकाळीं स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे फिरतात, अगदीं आपल्या भोरड्या!" खरेंच, दोघी एकाच कुळांतल्या, चुलत बहिणीच म्हणाना. पण या नेहमींच्या पक्ष्यांची संख्याही तिकडे पूर्वीपेक्षां फार घटली आहे, असें तो म्हणाला, आणि लगेच विचारलें, "आपल्या शेतावर अजून येतात ना?"

शेत विकावें, असें आम्हां भावांचें ठरत आलें होतें, आणि तेंच त्याला सांगावयाचें होतें. मीं "येतात" एवढेंच उत्तर दिलें.

पांखरांसाठीं कोणी शेत ठेवीत नाहीं, हें मी जाणतों. भावांची पैशाची निकडही खोटी नाहीं. परंतु आजीच्या पंक्तीला अठरांखेरीज आणखीही कोणी होते. हिशेबांत त्यांना अजिबात गाळणें मला जमत नाहीं. येत्या मार्गशीर्षांत भावांना शेतावरच बोलाविलें आहे. काय ठरवावयाचें तें हुरडा खातां खातां, भोरड्यांच्या देखतच ठरवूं.