तीन बोगदे, दोन तिकिटं

बोलोन्याहून फिरेंझेला, म्हणजे आपल्या फ्लॉरेन्सला, जायला रेल्वेचे तीन रस्ते आहेत. पहिला 1864 चा, दुसरा 1934 चा, तिसरा 2009 चा. मध्ये आडवा पसरलेला आपेनाइन डोंगर तोच आहे आणि दोन शहरंही तीच आहेत. दर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी इटलीने त्या डोंगराला नव्याने भोक पाडलं आणि जुनं भोक बुजवलं नाही. त्यामुळे आज तिकीट काढणाऱ्याला गाडीच्या वेळेबरोबर शतकही निवडता येतं.

वेबसाइट अर्थातच हे असं सांगत नाही. तिथे 'बोलोन्या चेंत्राले' ते 'फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला' एवढं भरलं की समोर लाल अक्षरांत फ्रेच्चारोस्सा येते. पस्तीस-सदतीस मिनिटं. सरकारी कंपनीची फ्रेच्चारोस्सा नको असेल तर 2012 पासून त्याच रुळांवर धावणारी खाजगी इतालो आहे, तिची वेबसाइट वेगळी. यादीत आणखी खाली गेलं तर 'रेजोनाले' सापडते. ही आपल्या पॅसेंजरची बहीण. बहुतेकदा प्रातोला गाडी बदलून दीड-पावणेदोन तास लागतात. तिसरा, सगळ्यांत जुना रस्ता हवा असेल तर मात्र 'मार्गे पोरेत्ता तेर्मे, मार्गे पिस्तोइया' असं आपणच शोधावं लागतं. दोनदा गाडी बदलायची आणि वेळा जुळल्याच तर साडेतीन-चार तास. कुठलंही शहाणं संगणक-तंत्र हा पर्याय आपणहून सुचवणार नाही.

आमच्या घरात हा पर्याय बाबांनी सुचवला.

बाबा मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा घाटात बँकर चालवले. गाडी घाट चढताना मागून ढकलायला जी इंजिनं लावतात ती बँकर. "अख्खी नोकरी गाडीच्या मागे केली," असं ते स्वतःच म्हणतात. आता ते शहात्तर वर्षांचे आहेत आणि दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध खराब होत चाललाय. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की आहे तेवढं टिकवायचं, वाढणार नाही. नात बोलोन्यात पीएच.डी. करतेय, तिला भेटायला जायचं तर याच वर्षी, असं त्यामुळेच ठरलं. आई त्र्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत.

बोलोन्यात चार दिवस झाल्यावर फिरेंझेचं तिकीट काढायला आम्ही लेकीच्या खोलीत लॅपटॉपभोवती बसलो. लेकीने भाड्याचं गणित समजावलं. वेगवान गाडीचं भाडं विमानासारखं हलतं. 'सुपर इकॉनॉमी' सगळ्यांत स्वस्त, पण ते लवकर संपतं आणि एकदा काढलं की ना बदलता येतं ना पैसे परत मिळतात. 'इकॉनॉमी' मधलं. 'बेस' महाग, पण बेत बदलला तर सांभाळून घेणारं. ज्याला आपला दिवस आधीपासून पक्का ठाऊक आहे त्याला स्वस्तात जाता येतं. ज्याच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्याने जास्त पैसे भरायचे.

रेजोनालेचं तसं नाही. तिचं भाडं अंतरावर ठरलेलं असतं. महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी सुटायच्या पाच मिनिटं आधी, पैसे तेच. बोलोन्या-फिरेंझे साधारण दहा युरो. जागा राखीव नसते, त्यामुळे 'वेटिंग' ही भानगडही नसते. छापील तिकीट घेतलं तर गाडीत चढण्यापूर्वी स्टेशनवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. "संपसुद्धा टाइमटेबलप्रमाणे!" बाबांना हे फारच आवडलं.

मग त्यांनी विचारलं, "या पस्तीस मिनिटांत घाट कुठे येतो?"

येतच नाही. 2009 च्या मार्गाची लांबी साडेअठ्ठ्याहत्तर किलोमीटर, त्यातले त्र्याहत्तरहून जास्त बोगद्यात. लेकीने अभिमानाने सांगितलेला हा आकडा ऐकून बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही काही दिसणार नाही आणि मलाही नाही."

पुण्याहून भाऊ फोनवर होता. त्याचं मत सरळ होतं: वय बघा, डोळे बघा, जलद गाडीचं तिकीट काढा आणि विषय संपवा. स्वच्छतागृह चांगलं, जागा राखीव, चढ-उतार एकदाच. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लेकीने 'साला ब्लू'ची माहितीही काढली होती. ज्यांना चालायला त्रास होतो त्यांना मोठ्या स्टेशनांवर गाडीपर्यंत नेऊन बसवणारी ही मदत-सेवा, आधी कळवलं तर फुकट मिळते. साला म्हणजे तिकडे खोली, हे कळेपर्यंत आई भलतीच हसत होती.

मी मात्र त्या रात्री जुन्या मार्गाबद्दल वाचत बसलो आणि जे सापडलं ते बाबांना सांगितल्याशिवाय राहवेना.

आपला भोर घाट रेल्वेने ओलांडला तो 1863 मध्ये. हा पोरेत्ताचा मार्ग, 'पोर्रेत्ताना', पुरा झाला 1864 मध्ये. प्रोत्श नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने तो आखला. भोर घाटाचा सगळ्यांत तीव्र चढ सदतिसात एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. इथला चाळिसात एकच्या आसपास. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर, आणि इथलं माथ्याजवळचं स्टेशन प्राक्किया, तेही तेवढंच. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर खाली यावं लागतं, प्राक्कियाहून पिस्तोइयाला उतरतानाही तेवढंच, आणि रुळांची लांबी दोन्हीकडे पंचवीस-तीस किलोमीटर. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी दोन खंडांत, एका वर्षाच्या फरकाने, जवळजवळ एकच घाट बांधला होता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "धुराचं काय केलं?"

प्रश्न बरोबर होता. वाफेच्या काळात माथ्यावरचा पावणेतीन किलोमीटरचा बोगदा चढावरच्या इंजिनांच्या धुराने भरून जायचा आणि गाडीवरची माणसं गुदमरायची. बोगद्याच्या तोंडाशी मोठ्या पंख्याने आत हवा ढकलायची साक्कार्दो या इंजिनिअरची पद्धत 1890 च्या दशकात इथेच, प्राक्कियाच्या बोगद्यात, बसवली गेली. पुढे ती इतर देशांतल्या बोगद्यांतही गेली. "हां," बाबा म्हणाले, "म्हणजे कुणीतरी ड्रायव्हरचा विचार केला."

मधल्या मार्गाची गोष्ट मी त्यांना हळूहळू सांगितली, कारण ती हलकी नाही. 1934 चा 'दिरेत्तिस्सिमा' मार्ग साडेअठरा किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. त्या बोगद्याच्या पोटात, डोंगराखाली, गाड्यांना एकमेकींना वाट देता यावी म्हणून चक्क एक स्टेशन बांधलं होतं. 1974 च्या ऑगस्टमध्ये याच मार्गावर इटालिकुस एक्सप्रेसमध्ये बॉम्ब फुटला आणि बारा माणसं गेली. 1984 च्या नाताळाच्या तोंडावर बोगद्याच्या आतच दुसऱ्या गाडीत स्फोट झाला. या दोन्हींच्या मध्ये, 2 ऑगस्ट 1980 ला, बोलोन्या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये पंचाऐंशी माणसं मारली गेली. स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरचं एक घड्याळ आजही दहा पंचवीसला थांबवून ठेवलेलं आहे. मृतांच्या नावांची पाटी आम्ही आलो त्याच दिवशी पाहिली होती. तिच्यासमोर आईने चपला काढल्या. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईत लोकलने घरी निघालेल्या माणसांचे नातेवाईक जिथे राहतात, त्या शहरातून आलेल्या माणसाला ते घड्याळ समजावून सांगावं लागत नाही.

आणि तिसऱ्या, जलद मार्गाचंही एक बिल आहे, जे तिकिटावर छापलेलं नसतं. त्याचे बोगदे खोदताना मुजेल्लो भागात डोंगरातलं पाणी बोगद्यात उतरलं. झरे आटले, ओढे आटले, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. पस्तीस मिनिटं कुणाच्या तरी विहिरीतून आली आहेत. हे कळलं म्हणून कुणी त्या गाडीत बसायचं सोडणार नाही, मीही नाही. पण यादीतला सगळ्यांत वरचा पर्याय म्हणजे सगळ्यांत साधा पर्याय, हा समज तरी जातो.

सकाळी निर्णय आईने दिला. "तुम्ही दोघं घाटाने या. आम्ही दोघी जलद गाडीने जातो."

मी म्हटलं, "अगं, सगळे एकत्र..."

"तुझ्या बाबांचा घाट मी बत्तीस वर्षं ऐकलाय," ती म्हणाली. "पावसात दरड कोसळली की रात्रभर जागी कोण असायचं? मला आता घाट नको. मला पोचायचंय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण कुठल्याही भाड्याच्या तक्त्यात न मावणारी एक गोष्ट तिने सांगून टाकली होती. एकाच्या वेळेचं मोल दुसऱ्याच्या वेळेइतकं नसतं. बाबांना तो उतार अंगावर घ्यायचा होता. तिला तो आयुष्यातून वजा हवा होता. दोघांच्याही मागण्या रास्त होत्या आणि एका तिकिटात मावत नव्हत्या. म्हणून आम्ही दोन काढली: दोघींसाठी 'बेस', खिडकीजवळ, साला ब्लूला कळवून, आणि आम्हा दोघांसाठी रेजोनाले, जागेचा भरवसा नाही, बदलायच्या दोन गाड्या.

आमची गाडी रेनो नदीच्या काठाकाठाने निघाली. मार्कोनीचं नाव लावणारं सास्सो मार्कोनी, मग मार्झाबोत्तो, मग वेर्गातो. डोंगर जवळ येत गेले. पोरेत्ताला उतरून आम्ही छोटी गाडी धरली, तिच्यात फार तर दहा-बारा माणसं होती. बाबा खिडकीशी बसले, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही. त्यांनी तळहात खिडकीच्या कडेवर ठेवला. मी काय दिसतंय ते सांगू लागलो तर म्हणाले, "तू थांब जरा."

मग तेच सांगू लागले. "आता डावं वळण... पूल... बोगदा येतोय, आवाज बदलला... तो आलाच." माथ्यावरचा लांब बोगदा संपून गाडी तोस्कानाच्या बाजूला उतरायला लागली तेव्हा ते ताठ बसले. "लागला उतार. ब्रेक धरलाय त्याने. बरोबर धरलाय." बोगद्यामागून बोगदे जात होते, मध्ये क्षणभर चेस्टनटचं रान आणि खाली दरी. मला ती दरी डोळ्यांनी दिसत होती, त्यांना पायांतून. ड्रायव्हरने एकदाही गाडीला हिसका दिला नाही, हे त्यांनी पिस्तोइया येईपर्यंत मला तीनदा सांगितलं. उतरल्यावर त्यांना इंजिनाकडे जायचं होतं. मी नेलं. ड्रायव्हर तिशीतली मुलगी होती. बाबांनी हात जोडून मराठीतच सांगितलं, "छान उतरवलीत." तिने मान झुकवली. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती हसली.

फिरेंझेला आई आमच्या आधी चार तास पोचली होती. जेवून, झोपून, चहा पिऊन झाली होती.

परत जाताना मात्र चौघं एकाच जलद गाडीत बसलो. बाबांनी पुन्हा तळहात खिडकीच्या कडेवर ठेवला. गाडी बोगद्यात शिरली आणि बोगद्यातच राहिली. काही मिनिटांनी त्यांनी हात काढून घेतला आणि आईच्या हातावर ठेवला. ती डुलक्या घेत होती. बोलोन्याचं जमिनीखालचं फलाट आलं तशी दचकून जागी झाली.

"पोचलोसुद्धा?"

"पोचलो," बाबा म्हणाले. "तू सांगितलं होतंस तसं."