पथ्य सांभाळून कोल्हापूर

बाहेरगावचे पाहुणे कोल्हापुरात उतरले की दोन प्रश्न हमखास विचारतात. मिसळ कुठे खायची आणि चप्पल कुठे घ्यायची? मी डॉक्टर आहे हे कळल्यावर त्यांतले काहीजण बाजूला येऊन हळूच तिसराही प्रश्न विचारतात, “मला शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. यातले मला काय चालेल?” गेली पंचवीस-सव्वीस वर्षे या गावातील एका जुन्या पेठेत मी दवाखाना चालवते. जन्म इथलाच, खाण्यापिण्याची आवडही इथलीच. म्हणून या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र द्यावीत, असे बरेच दिवस मनात होते.

आधी एका रुग्णाविषयी सांगते. निवृत्त शिक्षक. मधुमेहाचे निदान झाल्यावर त्यांनी स्वतःच ठरवून बाहेरचे सारे खाणे बंद केले. दर रविवारी चार मित्रांसह चालत जाऊन मिसळ खाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता. मिसळ सुटली, तिच्याबरोबर मित्र सुटले आणि चालणेही सुटले. तीन महिन्यांनी तपासले तर साखर जवळपास होती तिथेच होती आणि माणूस मात्र खचला होता. मी त्यांना पुन्हा रविवारी जायला सांगितले. एक मिसळ दोघांत घ्यायची, जाता-येता चालायचे, एवढीच अट घातली. पुढच्या सहा महिन्यांत त्यांची साखर आटोक्यात आली. जे पथ्य माणसाला त्याच्या गावापासून आणि सोबत्यांपासून तोडते, ते फार काळ पाळले जात नाही, असे मला अशा कितीतरी रुग्णांनी शिकवले आहे.

कोल्हापूरच्या खाण्याला तालमीची पार्श्वभूमी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला उदार आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि पेठापेठांतील तालमी मल्लांनी गजबजून गेल्या. पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या देहाला म्हशीचे दूध, मटण आणि तूप लागत असे. मळ्यात दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यालाही ते पचत असे. आज तेच ताट तुमच्या-आमच्यासारख्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसमोर येते. पदार्थ बदललेला नाही, खाणारा बदलला आहे. तेव्हा काय टाळावे यापेक्षा किती, केव्हा आणि कसे खावे, याचा विचार अधिक उपयोगाचा आहे.

सकाळची मिसळ

शिवाजी उद्यमनगरातील फडतरे, गुजरीजवळील चोरगे, बावडा, खासबाग अशी मिसळीची अनेक ठिकाणे कोल्हापूरकरांच्या अभिमानाची आहेत. त्यांतले श्रेष्ठ कोणते यावर घराघरांत वाद आहेत. त्यात मी पडत नाही. एक मात्र सांगते, मिसळ सकाळीच खावी. भूक खरी असते आणि खाल्लेले जिरवायला दिवस समोर असतो.

मिसळीतील मोडाची मटकी हा उत्तम आहार आहे. तिच्यात प्रथिने आहेत, चोथा आहे. फरसाण तळलेले आणि खारट. त्यावर तरंगणारा लालभडक कट म्हणजे मुख्यतः तेल. इथे मिसळीबरोबर पावाच्या लादीऐवजी स्लाइस ब्रेड देतात आणि खरी गफलत तिथेच होते. ब्रेडचा प्रत्येक तुकडा स्पंजासारखा कट शोषतो, रस्सा पुन्हा पुन्हा वाढला जातो आणि बोलण्याच्या नादात चार-पाच स्लाइस कधी संपल्या ते कळत नाही. म्हणून फरसाण कमी, मटकी जास्त आणि कट बाजूला वाटीत मागावा. दोन स्लाइसवर थांबावे. सोबत दही घ्यावे.

मधुमेहींसाठी एक महत्त्वाची सूचना. रविवारी नावाजलेल्या ठिकाणी अर्धा-पाऊण तास रांग असते. जेवणाआधी घ्यायची गोळी किंवा इन्सुलिन घरून घेऊन निघालात आणि रांगेत उपाशी उभे राहिलात, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड ही तिची लक्षणे. असे औषध ताट समोर आल्यावरच घ्यावे आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवावे.

गंगावेशीतील दूध

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी येऊन उभ्या राहतात. गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाळ दुधाचा पेला हाती देतो. हे दृश्य देशातील फार थोड्या शहरांत उरले असेल. ते अवश्य पाहावे. समोर धार काढल्यामुळे पाण्याची भेसळ नाही, याची खात्री पटते. जंतू मात्र डोळ्यांना दिसत नाहीत.

निरशा दुधातून ब्रुसेलोसिस हा आजार होऊ शकतो, क्षयाचे जंतूही येऊ शकतात. जनावर वरून धट्टेकट्टे दिसले तरी हा धोका उरतोच. ब्रुसेलोसिसमध्ये ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात. कधी कधी आठवडेच्या आठवडे निदान होत नाही. गर्भवतींनी, लहान मुलांनी, वृद्धांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी निरसे दूध मुळीच पिऊ नये. इतरांनाही मी तोच सल्ला देते. आमच्या घरी कट्ट्यावरचे दूध बरणीतून येते, चांगली उकळी फुटेपर्यंत ढवळत तापवले जाते आणि मग त्याची गोडी सगळे चाखतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच अधिक असतो, साधारण ६ ते ८ टक्के. तेव्हा वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी साय काढूनच घ्यावे. आणि कधी लांबलेल्या तापासाठी डॉक्टरांकडे गेलात, तर निरसे दूध प्यायल्याचे आठवणीने सांगा. तेवढ्या एका माहितीवरून निदानाची दिशा मिळते.

तांबडा-पांढरा

पद्मा गेस्ट हाउस, ओपल अशा जुन्या खानावळी-हॉटेलांपासून गल्लीतील घरगुती खानावळींपर्यंत मटणाचे ताट सर्वत्र मिळते. मी स्वतः पांढऱ्या रश्शाची चाहती आहे. मटणाचे अळणी पाणी, नारळाचे दूध, खसखस-तीळ-काजूचे वाटण असा तो सौम्य आणि अंगाला ऊब देणारा रस्सा. आमच्याकडे लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना नुसते अळणी देण्याची रीत आहे. मागितल्यास बहुतेक ठिकाणी ते मिळते. मात्र वाट्या पुन्हा पुन्हा भरल्या जातात आणि प्रत्येक वाटीतून मीठ व चरबी पोटात जाते. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी तांबड्याची एक आणि पांढऱ्याची एक वाटी घेऊन हात आखडावा, पापड-लोणच्याला नकार द्यावा आणि भाताऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे ताट समोर घ्यावे.

तिखटाने पोटात व्रण होतो, असा समज आहे. बहुसंख्य व्रणांचे कारण एच. पायलोरी हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक हे असते. या जंतूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात ज्यांना आधीच पित्ताचा किंवा मूळव्याधीचा त्रास आहे, त्यांना तिखटाने तो वाढल्याचे जाणवते.

या गावात तिखटावर दोष टाकण्याची सवय कधी जिवावर बेतते. एका रविवारी दुपारी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. “डॉक्टर, काल रस्सा जरा जास्तच झाला. छातीत नुसतं जळजळतंय. एक पित्ताची गोळी द्या, बास.” कपाळावर घाम होता. दोन वेळा सोडा पिऊन झाला होता. ईसीजी काढला तो हृदयविकाराच्या झटक्याचा निघाला. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले, वेळेत उपचार मिळाले आणि ते वाचले. म्हणून आपल्याला विनंती आहे. छातीतील जळजळीबरोबर घाम, दम लागणे, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ, जीव घाबरणे यांपैकी काहीही असेल, तर सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेहींमध्ये तर दुखणे अगदी सौम्यही असू शकते. आधी ईसीजी, मग पित्ताची चर्चा.

बाजारातील पिशवी

कोल्हापूरचा खरा ठेवा पाहायचा तर सकाळी कपिलतीर्थ मंडईत जावे. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका पोकळा, चाकवत, शेपू, मेथी घेऊन बसलेल्या असतात. पोकळ्याची भाजी, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा हे ताट हॉटेलांच्या पाट्यांवर फारसे झळकत नाही, पण या मातीचे रोजचे जेवण तेच आणि मधुमेहींना मोकळ्या मनाने सांगावे असेही तेच. खर्डा तेवढा बोटभर.

गूळ घ्यायचा तर शाहूपुरीच्या बाजारपेठेत. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात, काहिलीत रस आटू लागतो आणि ताज्या गुळाच्या ढेपा बाजारात येतात. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ निवडते. तो रंग येण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉससारखी गंधकयुक्त रसायने वापरली जातात आणि दमा असलेल्या काही रुग्णांना ती बाधतात. मी तपकिरी, किंचित गडद गूळ निवडते. रसातील मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत अजूनही काही गुऱ्हाळांवर आहे. तसा गूळ मिळाला तर सोडू नये. “साखर बंद केली, आता गूळ खातो,” असे सांगणारे मधुमेही आठवड्यातून एकदा तरी भेटतात. गूळही मुख्यतः साखरच आहे. रक्तातील साखर तोही वाढवतो.

पायांतील कोल्हापूर

शिवाजी चौकाच्या परिसरातील चप्पल लाइनमध्ये गेल्याखेरीज पाहुण्यांची सहल पुरी होत नाही. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याच्या या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि खरे माप तेव्हाच कळते. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तासभर अशी घरातच वापरून मऊ करावी.

ज्यांच्या पावलांना मधुमेहामुळे बधिरपणा आला आहे, त्यांनी मात्र ही चप्पल घेऊ नये. अंगठ्याचा वेढा कातडी कापतो, पण दुखत नाही. म्हणून जखम कळत नाही आणि चिघळते. पाय गमावण्याची सुरुवात अशा वाटाण्याएवढ्या जखमेतून झालेली मी पाहिली आहे. अशांनी कापशी चप्पल मुलाला किंवा जावयाला भेट द्यावी आणि स्वतः मऊ तळाची, मागे पट्टा असलेली सँडल वापरावी.

संध्याकाळ

संध्याकाळी रंकाळ्यावर यावे. पाण्यातील संध्यामठ आणि काठचा शालिनी पॅलेस बघत पाऊण तास भरभर चालावे. चालून झाल्यावर भूक लागली तर खासबागेतील राजाभाऊंची भेळ आहेच. एक पुडा दोघांत, शेव कमी, कांदा-टोमॅटो भरपूर. रात्री घरी हलके जेवावे.

ही सारी ठिकाणे एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका. सकाळी मिसळ झाली असेल तर मटणाचे ताट दुसऱ्या दिवसावर ठेवा आणि अधले जेवण भाजी-भाकरीचे करा. प्रवासाला निघताना नेहमीची औषधे हाताशी राहतील अशा पिशवीत, दोन दिवसांचा जादा साठा धरून घ्या. घरात कोणी पथ्यावर असेल तर त्यांना मागे ठेवून येऊ नका. त्यांच्या ताटात काय आणि किती असावे, हे आता आपल्याला ठाऊक आहे.