खटका

वडिलांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचा खटका काल रात्री पुन्हा उसळला. बडोद्यात तयार झालेला हा साधा डबा. एक भिंग, पातळ पत्र्याचं शटर, एक स्प्रिंग. वर्षानुवर्षं वाळून घट्ट झालेलं तेल स्पिरिटने पुसलं, एवढंच. पण तो आवाज झाला आणि घशाशी काहीतरी दाटून आलं. गोदाघाटावर ‘हलू नकोस’ म्हणणारा माणूस आता नाही, त्याच्या बोटाखालचा आवाज तेवढा उरलाय.

यात लागतो 120 चा रोल. तो महाग, म्हणून पोटात 35 मिलिमीटरची फिल्म बसवली, दोन्ही टोकांना रबराचे तुकडे लावून. 120 च्या रोलमागे आकडे छापलेला कागद असतो. या फिल्मला तो नाही. म्हणून पाठीवरच्या लाल खिडकीला काळी पट्टी चिकटवली, नाहीतर उजेड सगळं खाऊन टाकेल. आता आकडे दिसणार नाहीत. किती गुंडाळायचं ते बोटांनी ओळखायचं. कडेच्या भोकांवरही चित्र उमटेल, ते मला हवंच आहे.

हे सगळं करताना सारखे त्र्यंबकचे दादासाहेब फाळके आठवतात. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं उगवणं एकेक चौकट करत टिपलं. कोंब वर येईपर्यंत रोज त्याच जागी यायचं. एवढं थांबणं मला जमेल?

पहिला फोटो आईचा घ्यावा असं वाटतं. वडील गेल्यापासून ती फोटोला उभी राहत नाही. तिला अजून विचारलेलं नाही.