भोपळा पंढरपूरचा, सतार मिरजेची

आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या आसपास, एक भोपळा पिकतो. तो कुणी खात नाही, कडू असतो. पूर्ण वाढून, वाळून टणक झाला की तो मिरजेला जातो. तिथल्या सतारमेकर गल्लीत कारागीर तो कापतात, भिजवतात, आतून साफ करतात, त्याला लाकडी दांडी आणि तबली जोडतात. मग खुंट्या, घोडी, तारा. शेवटी जवारी काढली की भोपळा बोलू लागतो.

हे कारागीर मुसलमान. पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचं काम बसलं. 19व्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला आणि पुढे आडनावच सतारमेकर झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो, त्यालाही कारण आहे. चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरात मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बहुतेक मुलांचे पालक इथल्याच कारखान्यांत शिफ्टमध्ये राबतात. कुणाचे अब्बा कर्नाटकातून आलेले, कुणाचे वडील मोहोळकडचे. एकदा पुस्तकातलं चित्र पाहून सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, वीणा त्यांची आणि सतार आपली ना?" त्याच्या बोलण्यात भांडण नव्हतं. शेत तुझं की माझं, इतक्या सहज त्यानं वाटणी केली होती. मला तो सहजपणाच लागला.

मी फळ्यावर तीन रकाने आखले. छेडून वाजणाऱ्या तंतुवाद्यांची घराणी माणसाच्या धर्मावरून ठरत नाहीत. तार कुठून कुठे ताणली आहे, यावरून ठरतात. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन अभ्यासकांनी 1914 मध्ये जगभरच्या वाद्यांची अशी मांडणी केली.

पहिलं घराणं मानवाल्यांचं. पोटाला मान जोडलेली आणि तारा दोन्हींवरून गेलेल्या. सतार, तानपुरा, एकतारी, रबाब, गिटार, अरबांचा ऊद, सगळे इथले. ऊद म्हणजे लाकूड. अल-ऊद स्पेनमार्गे युरोपात गेला आणि 'ल्यूट' झाला. सतार हे नाव फारसीतल्या सेहतार, म्हणजे तीन तारांवरून आलं. रबाबातून पुढे आपला सरोद निघाला.

दुसऱ्या घराण्यात वेगळी मान नाही. तारा अंगावरच ताणलेल्या असतात. गायकाच्या मांडीवरचं स्वरमंडल आणि अरबांचं कानून ही इथली भावंडं. दोन भोपळ्यांवर आडवी दांडी असलेली रुद्रवीणाही याच घराण्यात धरतात.

तिसरं घराणं हार्पचं. त्यात तारा पोटापासून वर उभ्या निघतात. तमिळांचा जुना याळ असा होता. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजाच्या हातात दिसणारी वीणाही या घडणीची आहे.

आता गंमत बघा. वारीत विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा कोणत्या रकान्यात? नाव वीणा, पण घडण तानपुऱ्याची. म्हणजे ती रुद्रवीणेपेक्षा सतारीच्या जवळची. आणि ती अनेकदा घडते मिरजेच्या मुसलमान कारागिराच्या हातून, पंढरपूरकडच्या भोपळ्यातून. मुलं ऐकत राहिली. मग एकीनं विचारलं, "आणि गोंधळ्याचं तुणतुणं?" म्हटलं, त्याच्यावरून अभ्यासकांचंच एकमत नाही. कुणी त्याला तंतुवाद्य म्हणतो, कुणी ढोलाच्या जातीत टाकतो. वर्ग हसला. एका खान्यात न मावणारंही काही असतं, हे त्यांना त्या हसण्यातच कळलं असावं.

वाद्यं ऐकावीत की नाही, याबद्दल आपल्या उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. घरोघरी त्यावर आपापली मतं आहेत, मुलांनी ती घरूनच शिकावीत. माझं म्हणणं एवढंच, की ऐकायचं नसेल त्यानेही इतिहास नाकारू नये. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात आणि ऐकायला सगळेच बसतात.

"मराठी तुमची मातृभाषा आहे का?" असं आम्हाला अजून विचारलं जातं. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. आमचाही रकाना लोकांना सापडत नाही. उलट आमच्यातलेही काहीजण ज्ञानोबा-तुकोबांना परके समजतात. दोन्हीकडून वाटणीच चाललेली. मुलगा ती घेऊनच वर्गात आला होता, त्यात त्याचा काय दोष?

चिंचोळीहून मोहोळ आणि मोहोळहून पंढरपूर काही लांब नाही. तिथून मिरजेला रेल्वे आहे. सुट्टीत मुलांना घेऊन एकदा त्या गल्लीत जा. कारागीर जवारी काढत असेल तर गप्प बसून बघा. घोडीचा माथा तो घासतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा घासतो. ही वीणा कुणाच्या गळ्यात जाणार, याने त्याच्या हाताची नजाकत बदलत नाही.