डब्यातलं आणि डब्याबाहेरचं

जून लागला की आमच्याकडे शाळा आणि खोकला बरोबरच सुरू व्हायचे. महाड तालुक्यातला पाऊस एकदा लागला की दिवसदिवस उघडत नाही. चुलीच्या वर दोरीवर वाळत घातलेले कपडे ओलसरच अंगात घालावे लागत, आणि आठवड्याभरात एकेकाची छाती घरघरू लागे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बाबा मुंबईला गिरणीत. गणपती आणि शिमगा सोडला तर घरात मोठं माणूस म्हणजे ती एकटी. आम्ही तीन भावंडं, एक म्हैस, परसातली भाजी, आणि साडेदहाच्या घंटेआधी तिला शाळेत पोचायचं असे.

औषधासाठी निराळा वेळ तिच्याकडे नव्हता. तिची औषधं स्वयंपाकाच्या अंगानेच होत. भाकऱ्या झाल्या की तापलेला तवा ती लगेच उतरवत नसे. त्यावर अडुळशाची पानं शेकवायची, फडक्यात धरून रस पिळायचा, त्यात मध आणि चिमूटभर पिंपळीची पूड. त्याच तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून धाकट्याची छाती शेकायची. चहाच्या आधणात गवती चहा, आलं, तुळस. सुंठ, हळद आणि गुळाच्या गोळ्या रविवारी वळून ठेवलेल्या असत. अंगावर पित्त उठलं की सोलकढीसाठी भिजवलेल्या आमसुलांतली दोन वाटीत काढून तेच पाणी अंगाला चोळायचं. गुडघा फुटला तर बांधावरचा दगडीपाला चुरगळून लावायचा. टाचांच्या भेगांना भिरंडेल. फळीवर पत्र्याचा एक डबा होता. त्यात हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, ज्येष्ठमध, मुरडशेंग. हे सगळं ती लग्नानंतर आजीकडून, म्हणजे तिच्या सासूकडून, शिकली होती.

अडुळसा आमच्या कुंपणालाच होता. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून कोकणात तो कुंपणाला लावतात. पुढे पुण्यात मुलीच्या खोकल्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या बाटलीवर अँब्रॉक्सॉल हे नाव वाचलं, आणि नंतर कळलं की अडुळशातल्या वासिसिन या द्रव्यावरून आधी ब्रोमहेक्सीन तयार झालं आणि त्यातून हे पुढचं औषध आलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती मनापासून खूश झाली. “बघ, म्हणजे आपलं कुंपण पार बाटलीत जाऊन बसलं,” म्हणाली. आणि लगेच पुढचा प्रश्न: “पण ताप आहे का तिला? श्वास मोजलास?”

तिला औषधांपेक्षा हे प्रश्न जास्त यायचे. सकाळी वेणी घालताना मान हाताला गरम लागते का ते ती बघायची. “बाय, जीभ दाखव.” डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळेपणा आहे का, लघवीला जाऊन आलीस का, रंग कसा होता, काल ताटात किती टाकलंस. शाळेची घाई असे, तरी हे चुकत नसे. मग ठरायचं की आज सुंठीची गोळी, की नुसती मऊ पेज, की दप्तर ठेवून सरळ दवाखाना.

हा तिसरा निर्णय ती क्षणात घ्यायची. गावात काविळीला झाडपाला देणारे होते, विंचू उतरवणारे होते. ती त्यांच्याशी कधी भांडली नाही, पण आम्हाला त्यांच्या दारात नेलंही नाही. आमच्याकडे तांबड्या विंचवाचा धाक फार. भाताची कापणी, गवताचे भारे, दगडी गडगे, सगळीकडे तो. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध 1980 च्या दशकात त्यांनी विंचूदंशाला वापरलं, आणि जिथे पुष्कळ माणसं दगावत तिथे बहुतेक वाचू लागली. आईच्या वर्गातल्या एका मुलाला विंचू डसला तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता, उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी मंत्र टाकणाऱ्याला बोलवा म्हणालं. आईने त्याला चादरीत गुंडाळलं आणि रस्त्यावर जीप अडवून महाडला नेलं. मुलगा वाचला. संध्याकाळी घरी आल्यावर ती आम्हाला म्हणाली, “विंचू आपल्या डब्यातला नाही. ध्यानात ठेवा.”

हगवणीचंही तसंच. शाळेच्या भिंतीवर तिने स्वतः रंगाने लिहिलं होतं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. पाण्याबरोबर जीव जातो, आधी पाणी भरा, असं ती बायांना सांगे. हिरडा नंतर.

माझी मुलगी झाली तेव्हा आई पुण्याला आली ती डबा आणि सहाण घेऊनच. आमच्या तिघांना तिने रोज सकाळी बाळगुटी दिली होती. पोट फुगलं तर मुरडशेंगेचे दोन वेढे जास्त, शी पातळ असेल तर जायफळ जास्त, हिरडा कमी. पण बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. आणि वर्ष होईपर्यंत मधाचं बोटही नको. मला वाटलं, ती दुखावेल. तिने शांतपणे कारणं विचारून घेतली, मान हलवली आणि सहाण कपाटात वर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी तेल लावायला तिने नातीला पायांवर घेतलं. आधी जीभ पाहिली, मग पोटावर दोन बोटं वाजवली, टाळूवर हात फिरवला, लंगोट उलगडून रंग पाहिला. वेढे गेले होते, त्यांच्या आधीचं सगळं तिथेच होतं. रोज किती उगाळायचं हे ठरवण्यासाठी ती रोज मूल वाचत आली होती, हे मला त्या सकाळी समजलं.

तिचं दुखणं आलं ते पोटात, स्वादुपिंडात, आणि फार उशिरा दिसलं. मग माणसं येऊ लागली. कोणी गव्हांकुरांचा रस आणला, कोणी कुठल्याशा पुड्या. प्रेमानेच आणलं होतं सगळं. ती प्रत्येकाचा हात धरून म्हणे, “तुमची माया पोचली. पण हे माझ्या डब्यातलं नाही, आणि तुमच्याही नाही.” डॉक्टरांच्या वेदनाशामक गोळ्या तिने घड्याळ लावून घेतल्या. माझ्याकडून मात्र तिने एक करून घेतलं. निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्याने रात्री तिचे पाय शेकायचे. त्याने बरं वाटेल, बरं होणार नाही, हे दोघींना माहीत होतं. ती तेवढ्यासाठीच मागत होती आणि मीही तेवढ्यासाठीच देत होते. गेल्या श्रावणात ती गेली.

डबा आता माझ्याकडे आहे. त्यातलं काहीच दुर्मीळ नाही. काष्ठौषधींच्या दुकानात सगळं मिळतं, कृतीही पुस्तकांतून सापडतात. गेली ती वेगळीच गोष्ट. नोकरीवरून आल्यावर खोकला आला तर मी गोळी घेते आणि डबे घासायला लागते. माझी जीभ पाहावी असं आता कोणाला सुचत नाही. पन्नाशीतल्या बाईला तशी गरज असते असं कोणाला वाटत नाही, आणि मलाही ते मोठ्याने म्हणता येत नाही. फोनवर माझा आवाज ऐकून “घसा बसलाय, कधीपासून?” असं विचारणारं माणूस एकच होतं.

मुलगी आता वसतिगृहात राहते. परवा म्हणाली, आजीची सगळी औषधं लिहून दे. मी वही घेऊन बसले. औषधं दोन पानांत संपली. मग मी लिहीत गेले ते दुसरंच. तीन दिवसांवर ताप राहिला तर थांबू नकोस. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, लघवी थांबली असेल, उलटीत किंवा शीमध्ये रक्त असेल, डोळे पिवळे वाटले, तर काढा उकळत बसू नकोस. आणि सगळ्यात वर लिहिलं: खोलीतल्या मैत्रिणीचा चेहरा रोज सकाळी नीट बघत जा, तिलाही तुझा बघायला सांग. आईचं औषध तिथूनच सुरू होत असे. ते तिच्यानंतरही चालू राहायला हवं, आणि ते एकटीने करता येत नाही.