हिरण्यकेशीच्या उगमापाशी

आंबोलीचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातील धबधबा उभा राहतो. आम्ही मात्र तेथे गेलो ते दिवाळीचा फराळ आटोपल्यावर. तीन पिढ्यांची मिळून घरची अकरा माणसे सावंतवाडीहून घाट चढलो, तेव्हा पाऊस सरून रान नुकतेच धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षास सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस येथे कोसळतो. त्या पावसाचा प्रवासही मौजेचा आहे. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब उतारावरून धावत अरबी समुद्रास मिळतो. तोच चार पावले पूर्वेस पडला, तर हिरण्यकेशीच्या ओघात शिरून आजरा, गडहिंग्लज पाहत घटप्रभेस, तेथून कृष्णेस आणि शेवटी बंगालच्या उपसागरास जातो.

त्या हिरण्यकेशीचा उगम पाहावा, ही आमच्या थोरल्या काकूंची इच्छा. गावापासून काही अंतरावर दाट झाडीत महादेवाचे देऊळ आहे. मागच्या खडकातील गुहेतून पाणी येते व पुढील कुंडात साठून ओहोळाच्या रूपाने बाहेर पडते. पाणी इतके निवळ की तळाचे खडे मोजून घ्यावेत. मंडळींनी हातपाय धुतले, दर्शन घेतले, आणि काकूंनी पिशवीतून कुरमुऱ्यांची पुडी काढली. नदीच्या घाटावर माशांना कुरमुरे घालण्याचा आमच्या घरचा परिपाठ जुना आहे.

“काकू, येथे नका टाकू,” आमचा पुतण्या म्हणाला. तो कोल्हापुरास प्राणिशास्त्र शिकतो.

“का रे? देवाच्या दारच्या जिवांना घास घालू नये, असे तुझ्या पुस्तकात लिहिले आहे काय?”

पुतण्याने उत्तरादाखल कुंडाच्या तळाशी बोट दाखविले. पुष्कळ वेळ आम्हांस काहीच दिसेना. मग एका दगडाच्या आडोशास आमच्या करंगळीहूनही लहान असे काही हलले आणि क्षणात दिसेनासे झाले. तो ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ होता की त्याचा कोणी भाऊबंद, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही, असे पुतण्यानेच प्रामाणिकपणे कबूल केले. परंतु त्या नावाचा मासा शास्त्रास ठाऊक झाला तो याच ठिकाणाहून. प्रवीणराज, ठाकरे व बालसुब्रमण्यम या तिघांनी २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास नदीचेच नाव दिले. या कुळातले मासे तळाशी, खड्यांच्या आसऱ्याने राहतात आणि पाण्यातील बारीक कीटकांवर जगतात. कुरमुरे त्यांच्या उपयोगाचे नाहीत. उलट ते तळाशी कुजतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू खातात. निर्माल्य, साबण व तेल यांचेही तसेच.

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “इतकी वर्षे या माशाला राखले कोणी? देवानेच ना? मग आता तुमच्या शास्त्राला एवढी चिंता कसली?”

प्रश्न खोटा नव्हता. देवाचे पाणी म्हणून येथे कोणी जाळे टाकले नसेल, देवाची राई म्हणून कोणी कुऱ्हाड लावली नसेल. सरकारने पुढे केले ते या श्रद्धेस कायद्याची जोड देण्याचे काम. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०२१ साली येथील २.११ हेक्टर जागा ‘जैविक वारसास्थळ’ म्हणून जाहीर केली. मासा दुर्मीळ आहे आणि मासेमारीने तो नाहीसा होऊ शकतो, हे त्यामागचे कारण. तथापि पूर्वी येथे येणारे भाविक थोडे होते आणि त्यांच्या हाती फुले व पाने असत. आज आमच्यासारखे मोटारी भरभरून येतात आणि हाती प्लास्टिकच्या पिशव्या असतात. श्रद्धा तीच राहिली, पण तिचा भार शतपट वाढला. इवल्याशा कुंडाने तो किती सोसावा?

नुसता सद्‍हेतू पुरत नाही, याचा एक दाखला पुतण्याने वाटेत सांगितला, तो वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांतील निळ्या परांचा महसीर मासा कमी होऊ लागला, म्हणून लोणावळ्यास त्याची पैदास करण्यात आली. काम स्तुत्यच होते. परंतु त्याची पिल्ले दूरच्या कावेरीतही सोडण्यात आली. तेथे ती वाढली आणि कावेरीचा स्वतःचा मदार पाठीचा महसीर मागे हटत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पटली आणि त्याच साली तो अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत जाऊन बसला. एका नदीचे भूषण ते दुसऱ्या नदीचे अरिष्ट! डास मरावेत म्हणून कुंडात गप्पी मासे सोडणारा सज्जन किंवा घरच्या काचपेटीतला मासा पुण्य म्हणून नदीत सोडणारा दयाळू गृहस्थ हीच चूक लहान प्रमाणात करीत असतो.

परतताना आणखी एक गोष्ट मनात घोळत राहिली. २.११ हेक्टरांभोवती रेघ ओढता येते, पण कुंडाचे पाणी त्या रेघेच्या आत जन्मत नाही. वरच्या डोंगरावरील झाडी आणि जांभ्याचे सडे पाऊस पिऊन घेतात आणि सावकाश सोडतात, तेव्हा गुहेतला झरा वाहतो. वरचे रान गेले, तर खाली पाटी राहील, मासा राहणार नाही. म्हणूनच हे काम एकट्या सरकारचे नव्हे. ते ग्रामस्थांचे, जमीनमालकांचे आणि वर्षातून एकदा येणाऱ्या आम्हां पाहुण्यांचेही आहे.

काकूंनी पुडी पुन्हा बांधली होती. एवढेच नव्हे, तर कुंडाकाठी पडलेल्या तीन रिकाम्या पिशव्या उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकल्या. “देवाच्या दारी रिकाम्या हाताने येऊ नये, हे खरे,” त्या म्हणाल्या, “पण जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नये, असे आजपासून समजू.”

कुरमुरे मुलांनी घाट उतरण्यापूर्वीच संपविले.